तुम्ही विचारलंत म्हणून: खगोलभौतिकीसाठी विद्यापीठ कोणतं?

'खगोलभौतिकी शिकायची आहे, विद्यापीठ कोणतं निवडू?' प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न मला हमखास येतो. पहिल्या पदवीसाठी विचारत असाल तर जिथला भौतिकशास्त्र विभाग भक्कम आहे तिथे जा, मग पदवीच्या नावात 'खगोल' असो वा नसो.

ताऱ्याच्या पोटात काय चाललंय हे कळायला उष्मागतिकी आणि पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) लागते, त्याच्याकडून आलेल्या प्रकाशाचा अर्थ लावायला विद्युतचुंबकत्व. हे कच्चं राहिलं तर पुढे फार जड जातं. खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांनी १९६५ साली ग्लासगोतून पदवी घेतली ती भौतिकशास्त्राचीच. मग केंब्रिजला पीएचडी करताना रेडिओ दुर्बीण उभारण्यात त्या स्वतः राबल्या. दुर्बिणीच्या नोंदींचे लांबच लांब कागद बेल स्वतःच डोळ्यांखालून घालत. १९६७ साली त्यातल्या एका बारीकशा खुणेवर त्यांची नजर अडली आणि पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा, सापडला. कच्च्या नोंदी थेट एका विद्यार्थिनीच्या हातात होत्या, हे मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्हीही तेच शोधा. पदवीचे विद्यार्थी कोणते प्रकल्प करतात, शोधनिबंधांवर त्यांची नावं येतात का, ते बघा. खगोलाचे प्राध्यापक किती आहेत? एकच असतील आणि ते वर्षभर रजेवर गेले, तर तुमचा ऐच्छिक विषय त्या वर्षी बंदही पडू शकतो. माहितीपत्रकात हे सापडणार नाही. तिथे आज शिकणाऱ्या मुलामुलींना सरळ ईमेल करा. बहुतेक जण मनापासून उत्तर देतात.

छतावरची वेधशाळा असली तर आनंदच, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया या युरोपीय उपग्रहाच्या माहितीचा तिसरा संच २०२२मध्ये पूर्ण खुला झाला. त्यात सुमारे १८० कोटी खगोलीय स्रोत आहेत आणि तो कुणालाही फुकट मिळतो. तो हाताळायला पायथॉन ही संगणकीय भाषा आणि संख्याशास्त्र लागतं. हे दोन्ही नीट शिकवणारा विभाग मी वेधशाळेच्या आधी निवडेन.

रँकिंगला मी फार किंमत देत नाही. पहिल्या वर्षाला यांत्रिकी कोण शिकवतं, हे त्यातून कळत नाही.

पीएचडीचं मात्र वेगळं. तिथे आधी मार्गदर्शक निवडा, विद्यापीठ नंतर. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, मधेच कुणी सोडून गेलं का, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा, आणि होकार कळवण्याआधी विचारा.