तुम्ही विचारलंत म्हणून: दर रविवारी ख्रिस्तच का?

"पाळकसाहेब, शास्त्रभाग कुठलाही असो, तुम्ही फिरून ख्रिस्तापाशीच येता. घरात, नोकरीत, पोरांच्या अभ्यासात कामी पडेल असं काही सांगा ना." इथे नागपुरात सदरमध्ये उपासना सुटल्यावर, मोहननगरात चहा घेताना, अजनीच्या घरसभेत हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच नीट लिहून टाकतो.

ऐकून राग येतो, हे आधीच सांगतो. विचारणारे नवखे नसतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे असतात, उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकातली अर्धी गीतं त्यांना पाठ असतात. येशू आम्हाला माहीत आहे, आता पुढचं सांगा, असा त्या प्रश्नाचा सूर असतो. पण रागावायचा मला फारसा हक्क नाही, कारण असं "पुढचं" मी वर्षानुवर्षं सांगितलंय.

माझ्या जुन्या वहीत बायबलातल्या १ शमुवेल १७ वरचा एक संदेश आहे, पस्तीस मिनिटांचा. गोल्याथ या धिप्पाड शत्रूशी लढायला दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलले. मी त्यांना नावं दिली: विश्वास, प्रार्थना, वचन, धीर, सातत्य. प्रत्येकी सहा मिनिटं. मंडळीने मोठ्याने आमेन म्हटलं. नंतर गाड्यांच्या स्टँडपाशी एक बाई थांबल्या होत्या. नवऱ्याचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. म्हणाल्या, "पाचही मारून झाले जी. तो उभाच आहे. माझा कोणता गोटा कमी पडला, तेवढं सांगा." मी म्हणालो, प्रार्थना करत राहा. म्हणजे दुसरा गोटा पुन्हा त्यांच्याच हातात दिला.

तो संदेश मी नंतर पेन्सिल घेऊन तपासला, शाळेत व्याकरणाच्या तासाला करायचो तसा. कर्ता कोण, क्रियापद कोणतं. जवळजवळ प्रत्येक वाक्याचा कर्ता "तुम्ही". क्रियापदं सगळी आज्ञार्थी: उचला, फेका, उभे राहा, डगमगू नका. येशूचं नाव सुरुवातीच्या प्रार्थनेत आणि शेवटच्या प्रार्थनेत, मधे कुठेच नाही. जे घडून गेलंय ते सांगणारं वाक्य शोधायला लागलं. वार्ता घडून गेलेल्याची असते. सुवार्ताही तशीच.

आता तोच अध्याय सावकाश वाचा. गोल्याथ सहा हात एक वीत उंच. त्याची अट आठव्या-नवव्या वचनात आहे: एक माणूस पाठवा, त्याची हार-जीत ती सगळ्यांची हार-जीत. चाळीस दिवस तो सकाळ-संध्याकाळ येतो आणि इस्राएलाची फौज नुसती घाबरून उभी राहते. दाविदाचा अभिषेक आधीच्याच अध्यायात होऊन गेलाय. तो अभिषिक्त एकटा खोऱ्यात उतरतो. गोटे पाच, पण लागतो एकच. त्याच्या हाती तलवार नाही, म्हणून शत्रूचीच तलवार उपसून तो त्याचं डोकं उडवतो. बावन्नाव्या वचनात फौज आरोळी ठोकून धावत सुटते, म्हणजे लढाई जिंकून झाल्यावर. या गोष्टीत आपली जागा दाविदाची नाही, ती ख्रिस्ताची आहे. आपण त्या घाबरलेल्या रांगेत आहोत. आणि इब्री २:१४ म्हणतं की मरणावर सत्ता असणाऱ्याला ख्रिस्ताने मरणानेच निष्फळ केलं, तेव्हा ती शत्रूची तलवार आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या बाईंना हे सांगायला हवं होतं. गोफण त्यांच्या हातात कधी दिलेलीच नव्हती. नवऱ्याचा आजार हा त्यांच्या विश्वासाचा निकाल नव्हे. याने किडनी सुधारत नाही, डायलिसिसची खुर्ची सुटत नाही, हे मला कळतं. पण तीन दिवस मशीनपाशी बसणाऱ्या बाईच्या मानेवर वरून अपराधाचं ओझं तरी चढत नाही. तुम्ही "कामी पडेल असं" मागता ना? मला याहून कामाचं काही सापडलेलं नाही.

तरी नवीन उपदेशकांना सांगतो, याची दुसरीही चूक आहे आणि ती मी केलेली आहे. जिथे तिथे ओढूनताणून ख्रिस्त काढायचा. यरीहोतल्या राहाबेने खिडकीला बांधलेला किरमिजी दोर म्हणजे रक्त, तंबूची खुंटी म्हणजे खिळा. नव्या करारात राहाब तीनदा येते, दोर एकदाही नाही. जिथे नवा करारच वाट दाखवतो तिथून सुरू करा: गणना २१ मधला पितळी साप योहान ३ मध्ये, मान्ना योहान ६ मध्ये, वल्हांडणाचं कोकरू १ करिंथ ५ मध्ये. बाकी ठिकाणी आधी एक ओळ लिहा, या भागात देवाने काय केलं. ती ओळ लिहिता येईना तर मुद्दे काढायला बसू नका. आणि ख्रिस्ताला शेवटच्या दोन मिनिटांवर ढकलू नका. तेव्हा संडे स्कूलची पोरं परत आलेली असतात, लोक बायबल पिशवीत घालत असतात. उशिरात उशिरा पंधराव्या मिनिटाला त्याचं काम समोर यायला हवं, म्हणजे "तुम्ही करा" ही वाक्यं त्याच्यानंतर येतात आणि पेलवतात.

उपासनेचंही तसंच. संदेश आणि प्रभूभोजन यांच्या मधे वीस मिनिटं जाहिराती: पिकनिकची वर्गणी, कमिटीची सभा, सत्कार. भाकर हातात येईपर्यंत डोक्यात बसची वेळ असते. १ करिंथ ११:२६ प्रमाणे त्या मेजावर प्रभूच्या मरणाची घोषणा होते, म्हणजे मेज हाही संदेशच आहे. जाहिराती उपासनेआधी उरका. वर्धापनदिनाच्या फ्लेक्सवर पाहुण्या वक्त्याचा फोटो केवढा आणि वचन केवढं, तेही एकदा बघा.

याच शहरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बालकांचा बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे, बिशप मानणारे आणि न मानणारे. पद्धतीवर एकमत नसलेल्या या लोकांना एकत्र बसवायला मधे ख्रिस्त सोडून दुसरं काय ठेवणार होते?

तुमच्यापैकी एकाने मला गप्प केलं होतं, तेही लिहितो. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत नवा करार मिळाला आणि त्यांना धरून ठेवलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. ते तर आज्ञांनीच भरलेलं आहे. मग आज्ञांनी माणूस ख्रिस्ताकडे येतो की नाही, असं त्याने विचारलं. येतो. मी म्हणालो, तिथे "मी तर तुम्हांस सांगतो" म्हणणारा कोण, हे महत्त्वाचं, लोक त्याच्या अधिकाराने थक्क झाले होते. उत्तर खरं आहे, पण त्या दिवशी मी ते घाईने दिलं, आणि अजून ते मला पुरेसं वाटत नाही.

येत्या रविवारी याकोब २ आहे. अख्ख्या पत्रात येशूचं नाव दोनदाच, १:१ आणि २:१ मध्ये. माझी पेन्सिल या पत्रात चालत नाही, आज्ञार्थच आज्ञार्थ आहेत. पण दुसरं नाव नेमकं कुठे आलंय पाहा: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला "तिथे उभा राहा", याच्या बरोबर आधी, आणि तिथे त्याला गौरवी प्रभू म्हटलंय. आमच्याकडे पहिल्या ओळीत पाहुण्यांसाठी सोफा असतो. तो हलवा म्हणून सांगणं सोपं आहे. गौरव कोणाचं ते आधी दिसावं आणि सोफा लोकांनीच उचलावा, असं कसं बोलायचं, त्यासाठी वहीत अर्धं पान अजून कोरं आहे.