पाण्याच्या हिशोबाने डोंगर

रविवार, रात्री. पाय गरम पाण्यात सोडून बसलोय.

आज अंकाई-टंकाई, मनमाडजवळचे जोडकिल्ले. दादा, वहिनी आणि मी. पहाटे साडेचारला पंचवटीतून निघालो, पिंपळगाव बसवंतपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, खुडा चालू असल्यामुळे क्रेट भरलेल्या पिकअप उभ्या, आणि मग चांदवड मागे पडलं की हळूहळू सगळं पिवळं-तपकिरी होत जातं, बाभळी, बोरी, निवडुंग, मधेच एखादं कांद्याचं शेत, बास. राजस्थानात वगैरे जायची गरजच नाही आपल्याला, मार्च संपताना मनमाड-येवल्याकडे या म्हणावं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याकडे पाचशेच्या आसपास, जिल्हा एकच, नाशिक! ढग सह्याद्रीवरच रिकामे होऊन येतात, मग इकडे काय उरणार.

गावातून चढायला लागलो की आधी टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात. मला ती गडापेक्षा जास्त आवडतात, खरं सांगायचं तर. दुसऱ्या लेण्यात अंबिकेची मूर्ती आहे, दारांच्या चौकटींवर इतकं बारीक कोरलंय की वहिनी तिथेच बसून राहिली, तिला उठवायला दादाला दोनदा ओरडावं लागलं. लेण्यात गार होतं आणि बाहेर सात वाजताच चटका.

पुढे दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत आलं की डावी-उजवी ठरवायची. आम्ही अंकाई घेतला. एकामागून एक दरवाजे, कातळात खोदलेल्या पायऱ्या, आणि माकडं. पिशवी हातात धरायची नाही, सॅकमधे घालायची, एवढं सांगूनही वहिनीच्या हातातला केळ्यांचा घड गेलाच. वरचं पठार मात्र प्रचंड मोठं आहे, अगस्ती ऋषींचं मंदिर, टाकी, तलाव, आणि समोर ती हडबीची शेंडी, म्हणजे सुळका, अंगठा दाखवल्यासारखी उभी. खालून रेल्वे जाताना दिसते, दादा प्रत्येक गाडीला ‘ही दौंडची’ म्हणत होता, कशावरून ते त्यालाच माहीत.

आता मला जे डोक्यात बसलंय ते. अंकाईची उंची हजार मीटरसुद्धा भरत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. जानेवारीत पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई केलं तेव्हा शिड्या चढून वर पोचल्यावर वाऱ्याने कानटोपी काढू देत नव्हतं, दोन लिटरची बाटली अर्धी भरलेली परत आली. आज तिच्या मानाने हा डोंगर टेकडीच, पण माणशी चार लिटर नेलं आणि परत गाडीपाशी आलो तेव्हा तिघांत मिळून घोटभर उरलं होतं. हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे नाशिकहून कळसूबाईच्या माथ्यावर आपोआप सहा-सात अंश कमी. इथे तो फायदा नाही, सावली नाही, आणि काळा बसाल्ट अकरा वाजता बुटाच्या तळव्यातून लागायला लागतो. हात टेकवला तर झटकन मागे घ्यावा लागतो. लोक ट्रेक विचारताना आधी उंची विचारतात, मग ग्रेड विचारतात, पाणी कोणी विचारत नाही!

वरच्या टाक्यात पाणी होतं, पण हिरवं. एक बाबा शेळ्या घेऊन बसलेले, त्यांना विचारलं, ‘बाबा, पिता येतंय का हे?’ तर म्हणाले, ‘शेळ्या पितात. तुम्ही तुमचं ठरवा.’ मग त्यांनाच आमच्यातली एक बाटली दिली, त्यांनी दोन घोट घेतले आणि बाकीची परत केली, ‘तुमाला खाली उतरायचंय अजून.’

येताना मनमाडला मावशीकडे. तिथे नळाला पाणी रोज येत नाही, किती दिवसांनी येईल ते पण सांगता येत नाही. अंगणात निळी टिपं, त्यावर फळ्या, फळ्यांवर दगड. आम्ही घामाघूम बघून मावशी म्हणाली आंघोळ करून घ्या, आणि आम्ही तिघंही एकदम नको-नको म्हणालो. तोंड धुतलं, ताक-भाकरी-ठेचा खाल्ला. ती आमच्या ट्रेकला हसत होती, ‘पैसे खर्चून तहान आणता होय रे.’

दादा गाडीत म्हणाला की जिल्ह्याच्या पश्चिमेला ही भानगड नाही. पण आहे की! त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे पावसाळ्यात पाऊल ठेवायला कोरडी जागा मिळत नाही आणि एप्रिल-मेमधे त्याच पाड्यांवरच्या बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. कठीण कातळ आणि उभा उतार, पाणी मुरायला थांबतच नाही, वाहून जातं. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम, आणि आजूबाजूच्या वाड्यांवर टँकर. त्यामुळे पूर्व कोरडी-पश्चिम ओली हे फक्त पावसाळ्यापुरतं खरं.

आता पुढचं ठरवायचंय. दादाला साल्हेर करायचाय, १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि तो पण एका दिवसात. सटाण्यावरून जायचं म्हणजे रात्री दोनला निघायला हवं. मी म्हटलं आदल्या रात्री पायथ्याला मुक्काम करू, पहाटे चढू, दहाच्या आत माथा. वहिनी म्हणते मुक्काम असेल तरच ती येणार. मग दादाचं काही चालणार नाही असं दिसतंय.