पाचटाच्या धुरातली एक संध्याकाळ

अंटार्क्टिकाला जाणारा आमचा स्पेक्ट्रोमीटर (प्रकाशाचे रंग सुटे करून हवेतले वायू मोजणारं यंत्र) पेटीत भरण्याआधी काही आठवडे कराडजवळच्या एका कॉलेजच्या गच्चीवर चालवून बघितला. ओझोन विरतो तिकडे दक्षिण ध्रुवावर, मग यंत्र ऊसपट्ट्यात कशाला, हा प्रश्न प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांनी विचारला. उत्तर साधं आहे. आपल्या डोक्यावरचं स्थितांबर, म्हणजे ओझोनचा थर असलेला वरच्या हवेचा पट्टा, शांत असतं. रोज तिथे काय दिसायला हवं ते आधीच सांगता येतं. इथे काही वेगळं दिसलं तर आधी यंत्र तपासायचं.

यंत्र सूर्याकडे बघत नाही, सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे बघतं. खरी वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचा प्रकाश स्थितांबरातून आडवा लांबवर जातो, मग वरच विखुरतो आणि त्यातला थोडा सरळ खाली आमच्या नळीत उतरतो. त्या आडव्या वाटेमुळे स्थितांबरातला नायट्रोजन डायऑक्साइड पंधरा-वीस पट ठळक दिसतो. ओझोनच्या घसरणीशी त्याचा संबंध आहे, म्हणून आम्ही तो मोजतो. जमिनीलगतच्या हवेतून मात्र प्रकाश एकदाच, उभा जातो. दुपारच्या वर्णपटाने संध्याकाळच्या वर्णपटाला भागलं की सूर्याच्या स्वतःच्या काळ्या रेषा बऱ्याचशा निघून जातात आणि उरतात ते वायूंचे ठसे. ४२५ ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात नायट्रोजन डायऑक्साइडचे दात स्पष्ट दिसतात. त्याच पट्ट्यात पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ची रेषा येते, म्हणून तरंगलांबी रोज तिच्यावर जुळवून घ्यायची. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

इथे घाईही फार. कराडला नोव्हेंबरात सूर्य क्षितिजापाशी एक अंश उतरायला जेमतेम साडेचार मिनिटं घेतो. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर विषुवदिनाच्या सुमाराला तोच अंश बारा मिनिटं पुरतो. त्यात वीज गेली की सीसीडी (प्रकाश टिपणारी, थंड ठेवावी लागणारी चिप) गरम होतो आणि ती सांज हातची जाते.

कारखान्यांचे बॉयलर नुकतेच पेटले होते. त्या संध्याकाळी सूर्य मावळायला पाऊण तास असताना नायट्रोजन डायऑक्साइडची रेघ वर चढायला लागली. एवढ्या लवकर ती चढत नाही. तिला उंचवटा आला, मग ती खाली आली आणि सूर्य बुडताना नेहमीसारखी पुन्हा उंच गेली.

पहिला संशय ढगाचा. जाड ढगात प्रकाश घुटमळतो, वाट लांबते आणि वायू उगाच जास्त दिसतो. पण तसं असतं तर ऑक्सिजनच्या रेणूंची जी जोडी आम्ही ओ-फोर म्हणतो, तिचं शोषणही वाढलं असतं. ते जागचं हललं नव्हतं. म्हणजे वाट तेवढीच होती, वायू मात्र खरोखर जास्त होता. आणि सूर्य कलत असताना उंचवटा ओसरला, म्हणजे तो स्थितांबरातला नव्हता; तिथला असता तर तो वाढतच गेला असता. आकाशाचा निळा आणि तांबडा यांचं गुणोत्तरही किंचित तांबड्याकडे झुकलं होतं. ध्रुवावर हेच गुणोत्तर आम्हाला स्थितांबरातल्या ढगांची चाहूल देतं.

मी कठड्यापाशी गेले तेव्हा मामा आधीच तिथे उभे होते. "खालच्या शिवारात पाचट पेटवलंय, मॅडम. परवाच फड तुटला. सांजच्याला वारं पडतं ना, म्हणून आत्ता पेटवत्यात." धूर वर येऊन बरोबर गच्चीवर पसरला होता. आगीतून निघतो तो बहुतेक नायट्रिक ऑक्साइड. हवेतला ओझोन भेटला की मिनिटांत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. पाचट कुजवा असं कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय, पण खोडव्याची घाई असलेल्या शेतकऱ्याला माणसं आणि वेळ कोण देणार, हे कुणी सांगत नाही.

रात्री आमच्या प्रकल्पाच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, एक संध्याकाळ गेली तर काय बिघडतं? चाळणी तिला आपोआप वगळेल." आणि खरंच वगळलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये वर आणि खाली मर्यादा घातल्या आहेत. बाहेर पडेल तो आकडा पुसला जातो, का बाहेर पडला ते कुणी विचारत नाही. सरांचा मला आदर आहे, पण हे मला पटत नाही.

१९८५ साली फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरून ओझोनची घसरण जाहीर केली, ती ओझोन मोजणाऱ्या जमिनीवरच्या डॉबसन यंत्राच्या नोंदींवरून. निंबस-७ उपग्रहालाही ती दिसत होती; पण १८० डॉबसन एककांखालची (ओझोन याच एककात मोजतात) मापं संशयास्पद अशी खूण करून बाजूला ठेवायची, असं त्याच्या प्रक्रियेत ठरलेलं होतं. तिथे मापं निदान जपली होती, म्हणून नंतर उघडून बघता आली. आमची चाळणी पुसूनच टाकते.

आणि नायट्रोजन डायऑक्साइडच्या बाबतीत हे जास्त जोखमीचं आहे. ध्रुवीय हिवाळ्यात उणे ७८ अंशांच्या आसपास स्थितांबरात ढग बनतात. त्यांच्या कणांवर नायट्रोजनची संयुगं नायट्रिक आम्लात अडकून पडतात. नायट्रोजन डायऑक्साइड शिल्लक असता तर त्याने क्लोरीनला धरून ठेवलं असतं. तो नसतो, म्हणून वसंतातला सूर्य आल्यावर क्लोरीन मोकाट ओझोन फोडतो. म्हणजे सप्टेंबरात तिथे जो अगदी बारीक आकडा येईल, तोच मोलाचा आहे. त्यावर केंद्रातल्या जनरेटरचा धूर आला तर आकडा फुगेल, आणि कुणाला वाटेल की नायट्रोजन डायऑक्साइड परत आला. कराडच्या पाचटाने आम्हाला ती परीक्षा फुकट घेऊन दिली होती.

म्हणून मी ती सांज काढू दिली नाही. तिच्यावरून ओ-फोर, रंगांचं गुणोत्तर आणि उंचवट्याचा आकार या तिघांची एकत्र तपासणी लिहिली. धूर असेल तर आता खूण होते, आकडा राहतो. मूळ वर्णपट वेगळ्या डिस्कवर जपायचंही सरांनी मान्य केलं. वरच्या मर्यादेचा प्रश्न त्याने सुटला.

खालची मर्यादा मात्र पेटीबरोबर तशीच गेली आहे. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यानंतर स्थितांबरातला नायट्रोजन डायऑक्साइड खरोखरच घटला होता. अशी मर्यादा तेव्हा असती तर तिने नेमकी तीच मापं खाल्ली असती. शून्याजवळचा आकडा आला की आमचं सॉफ्टवेअर त्याला बिघाड समजणार, आणि सप्टेंबरात तिथे खरा आकडा शून्याजवळचाच असणार. पेटी केपटाउनहून पुढे निघायच्या आत ती ओळ काढा, असं मी सरांना परवा पुन्हा लिहिलंय.