शिक्षक दीन

संपादक मंडळातल्या दोस्ताचा फोन आला, शाळेला 50 वर्षं झाली, स्मरणिका काढतोय, डीटीपी तूच करायचं आणि जाता जाता एक मनोगत पण टाक. म्हणजे दोन्ही कामं फुकटात, असो. मी 1989 च्या दहावीच्या बॅचचा, स्टँडसमोर फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे माझं. ऱ्हस्व-दीर्घावर माझं पोट चालतं म्हटलं की वर्गातली पोरं अजून हसतात, कारण शाळेत ऱ्हस्व-दीर्घाची माझ्याइतकी वाट कुणीच लावली नव्हती.

5 सप्टेंबर 1988. त्या दिवशी दहावीची पोरं शाळा चालवायची. माझं अक्षर बरं म्हणून गेटजवळचा फळा माझ्याकडं. रंगीत खडू, कडेनं वेलबुट्टी, आणि मधोमध झोकात लिहिलं, 'शिक्षक दीन'. दोन तास कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मराठीच्या बाई आल्या, थांबल्या, चष्मा वर सरकवून परत वाचलं. कायतरी चुकलंय एवढं त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं म्हणून मी डस्टर घेऊन पळालो, तर म्हणाल्या, "राहू दे रे बाबा, खरं तेच लिहिलंयस. दोन महिने पगार नाही." मागनं येणारे पीटीचे सर खो खो हसले. फळा दिवसभर तसाच. मला मात्र घंटा काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तासाला कळलं. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. आणि गंमत अशी की बोलताना आपण दोन्ही एकसारखेच बोलतो, मराठी जीभ शेवटच्या अक्षराआधीचा इकार उकार आपोआप लांबवते, त्यामुळं कानावर विसंबलात की मेलात. मराठी शब्द असेल तर लांबवलेलं बरोबर, मूल, सून, तूप, विहीर. पण संस्कृतातनं जसाच्या तसा आलेला असेल तर तो आपलं मूळ सोडत नाही, मग दिन, गुण, विष ऱ्हस्वच. साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 नियम आणि 1972 चे 4, असे 18 नियम बाईंना पाठ होते, आम्हाला मात्र त्यांनी नियम कधी पाठ करायला लावले नाहीत, वाक्यं करायला लावली. शिर गेलं की खेळ खलास, शीर तुटली तर दवाखान्यात टाके पडतात. चीर पडलेली भिंत चिरकाल टिकत नाही. असली वाक्यं आम्ही मधल्या सुट्टीत पण करायचो, बरीचशी इथं छापण्यासारखी नाहीत.

सगळ्यात भारी किस्सा गॅदरिंगचा. कर्णावर नाटुकलं होतं, कार्यक्रमपत्रिका हातानं मीच लिहिलेली, त्यात 'सुतपुत्र कर्ण'. आता सूत म्हणजे सारथी, सुत म्हणजे मुलगा. बाई म्हणाल्या, "सारथ्याच्या पोराला तू मुलाचा मुलगा केलास, म्हणजे कर्ण आता कुणाचा तरी नातू झाला, कुणाचा ते तूच व्यासांना विचार." मी जरा चिडूनच विचारलं, मग चरख्यावरचं सूत कुठलं? तर म्हणाल्या, ते दीर्घच, पण ते मराठी, त्याला विभक्ती लागली की ऱ्हस्व होतं, सुताचा गुंडा, सुतावरून स्वर्ग. सारथ्याचा सूत संस्कृत, तो विभक्ती लागली तरी सूताचाच राहतो. म्हणजे 'सुताचा' लिहिलं तर दोरा किंवा पोरगा, सारथी नाही. हे डोक्यात बसायला मला त्या दिवशी सबंध तास लागला आणि नंतर आयुष्यात फारसं कुठं लागलं नाही, पण बसलं ते बसलंच.

आमच्याकडं दुसरी भानगड न आणि ण ची. घरी सगळे पानी, लोनी, कोन असंच बोलणार, त्यामुळं श्रुतलेखनाला 'शेतात तण माजलं' सांगितलं की निम्मा वर्ग 'शेतात तन माजलं' लिहायचा. बाईंनी यावरनं कुणाला मारलं नाही की घरच्या बोलण्याला नावं ठेवली नाहीत, ह्याचं मला आज जास्त वाटतं.

दुकान टाकल्यावर ह्या सगळ्याचा हिशोब चालू झाला. कॉम्प्युटरचा स्पेलचेक इथं गप्प बसतो, दिन पण बरोबर, दीन पण बरोबर, त्याला काय कळणार. सुरुवातीला माझ्याच हातनं एका पत्रिकेत 'पाणीग्रहण' गेलं. पाणि म्हणजे हात, पाणिग्रहण म्हणजे वरानं वधूचा हात धरणं, मी नवरदेवाला पाणी पाजलं. मुलीचे मामा संस्कृतवाले निघाले, 300 पत्रिका माझ्या खर्चानं परत छापल्या. आणि परत 'चक्रपाणी' लिहायचं झालं तर तोच पाणि शब्दाच्या शेवटी येतो म्हणून दीर्घ करायचा, आता बोला. 1 मे ला एका मंडळाचा मजकूर आला, 'कामगार दीनाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी क्षणभर थांबलो, म्हटलं तसंच सोडावं काय, खोटं तर काय नाही. पण दुरुस्त केलं, बिल मिळायचं होतं.

गावाच्या नावाचं पण तेच. पुर म्हणजे नगर, पण गावाच्या नावात दीर्घच लिहायचा असा नियम आहे, नागपूर, सोलापूर तसंच आपलं पण. बाई म्हणायच्या, नियमानंच पूर आणून ठेवलाय रे गावात. तेव्हा हसलो होतो. 2019 ला दुकानात छातीएवढं पाणी, प्रिंटर गेला, 15 वर्षांच्या पत्रिकांचे नमुने लगदा होऊन गेले, तेव्हा ते वाक्य आठवलं.

बाई आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत, लेकीकडं असतात. हे मनोगत छापायच्या आधी त्यांच्याकडं घेऊन गेलो. भिंग घेऊन वाचलं, मध्ये दोनदा हसल्या, कागद परत दिला तर सगळ्यात वर, शीर्षकातल्या 'दीन'वर लाल पेनानं मोठा गोल. म्हटलं, "बाई, ते मुद्दाम आहे." म्हणाल्या, "माहितीय रे. त्या दिवशी करायचा राहिला होता."