हलका स्ट्रोलर: दोन विमानं, बरेच जिने आणि दगडी गल्ल्या

आमच्या रोजच्या बाबागाडीचं वजन १२ किलोच्या वर आहे. सपाट रस्त्यावर ती एका हाताने पळते, पण दोन विमानं, मग आगगाडी आणि जुन्या शहरात मुक्काम असा बेत ठरला तेव्हा ती घरीच राहणार आणि तिच्या जागी हलका स्ट्रोलर, म्हणजे मिटून नेता येणारी बाबागाडी, घ्यावा लागणार हे उघड होतं. बरोबर सव्वा वर्षाची धाकटी आणि चार वर्षांचा मोठा. मोठा सकाळी “मी चालणार” म्हणून ऐटीत निघतो आणि दुपारी भर रस्त्यात फतकल मारतो. त्यामुळे नवी गाडी नावाला धाकटीची, कामाला दोघांची. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. फरसबंदी गल्ल्या, चढउतार, लिफ्ट नसलेली स्टेशनं आणि जवळ समुद्र असं कुठलंही ठिकाण तुमच्या बेतात असेल, तर पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

दुकानात सगळे जण स्ट्रोलर ढकलून बघतात. गुळगुळीत फरशीवर कुठलाही स्ट्रोलर छानच चालतो, त्यात काही कळत नाही. प्रवासात तो सारखा मिटायचा, उचलायचा, कुठेतरी कोंबायचा आणि पुन्हा उघडायचा असतो. म्हणून वजनाचा आकडा मी दुसऱ्या नंबरवर ठेवला. पहिला प्रश्न असा, की कडेवर मूल असताना ही गाडी उरलेल्या एका हाताने मिटते का, आणि मिटल्यावर तिला धरायचं कुठे? साडेचार किलोची गाडी दोन्ही हातांनी आणि पायाने दाबून मिटत असेल, तर एका हाताने मिटून खांद्याला अडकवता येणारी सहा किलोची गाडी मला केव्हाही हलकी वाटेल.

हलक्या गाड्यांमध्ये ढोबळ दोन घराणी आहेत. एक छत्रीसारखी मिटणारी. तिचा जनक ओवेन मॅक्लॅरेन हा निवृत्त ब्रिटिश वैमानिकी अभियंता. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या जुळणीवर त्याने काम केलं होतं, आणि तेच ज्ञान वापरून १९६५ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, जेमतेम तीन किलोची घडीची गाडी तयार केली. ही घडी अरुंद होते पण लांब राहते, साधारण माझ्या छातीपर्यंत. मोटारीच्या डिकीत आडवी टाकायला छान, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मात्र शक्यतो मावत नाही. दुसरं घराणं चौकोनी बॅगेसारखं मिटणारं. बेबीझेन या फ्रेंच कंपनीच्या योयोने २०१२ पासून ही तऱ्हा लोकप्रिय केली. तिची घडी ५२ × ४४ × १८ सेंटिमीटरची. आता अशा आकाराच्या गाड्या बऱ्याच कंपन्या बनवतात आणि त्यांचं वजन सर्वसाधारणपणे साडेपाच ते सात किलो असतं. याहून लहान घडीही मिळते. जीबी पॉकिटने २०१४ मध्ये ३० × १८ × ३५ सेंटिमीटरच्या घडीसाठी गिनेस विक्रम केला होता. पण त्या मूळ मॉडेलची पाठ मागे कलत नव्हती, आणि गाडीतच झोपणाऱ्या मुलासाठी माझा तिथे विषय संपला. आम्ही दुसऱ्या घराण्यातली, खांद्याचा पट्टा असलेली गाडी घेतली.

“केबिनमध्ये चालते” हे खोक्यावरचे शब्द गाडी बनवणाऱ्याचे असतात. विमानात काय न्यायचं ते विमान कंपनी ठरवते. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचं हातसामानासाठीचं सर्वसाधारण माप ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर आहे आणि बहुतेक गाड्या त्याच मापाकडे बघून बेतलेल्या असतात. पण कित्येक कंपन्यांची स्वतःची मर्यादा याहून कमी असते, आणि तिकडे ४४ सेंटिमीटरची रुंदी आडवी येते. तेव्हा तिकिटावरच्या प्रत्येक कंपनीचं माप वेगळं बघा आणि ते घडीच्या तिन्ही बाजूंशी ताडून पाहा. स्ट्रोलर हातसामानातच मोजला जाणार की वेगळा, हेही विचारून घ्या. तो हातसामानात धरला तर तुमची एक बॅग कमी होते.

सुरक्षा तपासणीत मूल गाडीतून उतरवावंच लागतं. झोपलेलं असलं तरी. खालची टोपली रिकामी करायची, गाडी मिटायची आणि क्ष-किरणांच्या पट्ट्यावर ठेवायची. चौकोनी घडी बहुधा यंत्रातून सरळ जाते, मोठी गाडी बाजूला घेऊन हाताने तपासतात. टोपलीत सुटं सामान न ठेवता एकच कापडी पिशवी ठेवली होती. ती उचलली की टोपली रिकामी, मागे रांग खोळंबली नाही.

पहिल्या विमानात कप्पे भरले होते. गाडी मापात बसत असूनही दारात घेतली आणि विमानाच्या पोटात टाकली. मी विचारलं तर “उतरताना दारातच मिळेल” असं सांगितलं. मिळाली ती सामानाच्या पट्ट्यावर, म्हणजे लांबच लांब मार्गिका आणि पासपोर्टची रांग संपल्यावर. तोवर धाकटी माझ्या पोटाशी बांधलेली होती, कारण कापडी झोळी हातसामानात होती. स्ट्रोलर कितीही छोटा असो, झोळी बरोबर हवीच. विमान बदलायचं असेल तर “मधल्या थांब्यावर गाडी हातात मिळणार की शेवटच्या मुक्कामी?” हा प्रश्न टॅग लावण्याआधी विचारा, आणि टॅगवर कुठल्या विमानतळाचं नाव छापलंय ते स्वतः वाचा.

पोटात टाकण्याआधी गाडी तिच्या पिशवीत घाला. पिशवी नसेल तर निदान घडीचं कुलूप लागलंय आणि छत आत दुमडलंय याची खात्री करा, कारण उघडी राहिलेली गाडी एखादी नळी वाकवून घेते. पुढचा दांडा आणि पेल्याचा कप्पा काढून ठेवा. हरवणारे भाग तेच. गाडीचा एक फोटोही काढून ठेवा. जिथे १९९९ चा माँट्रियल करार लागू आहे, तिथे जमा केलेल्या सामानाच्या मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करायची असते. पण विमानतळ सोडण्याआधीच खिडकीवर नोंद केलेली बरी, नंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मग स्टेशन. लिफ्ट बंद, सरकता जिना चालू. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका. चाकं पायरीच्या फटीत अडकतात, आणि वर पोहोचल्यावर गाडी अडकली तर मागचे सगळे तुमच्या अंगावर येतात. आम्ही धाकटीला कडेवर घेतलं, गाडी मिटली, पट्टा खांद्याला लावला आणि साध्या जिन्याने चढलो. पट्ट्याची किंमत तिथे कळली. हाताने धरलेली घडी प्रत्येक पायरीला नडगीवर आपटते. दोघं मोठी माणसं असाल तर मुलासकट गाडी उचलायचा मोह होतो. उचलायचीच असेल तर सांगाड्याच्या नळ्यांना धरून उचला. मुलापुढचा आडवा दांडा अनेक गाड्यांत खटक्यावर निघतो, त्याला धरून उचलू नका.

फलाटावर थांबलं की ब्रेक, आणि गाडी रुळांना समांतर. पाणी वाहून जावं म्हणून फलाटांना थोडा उतार असतो, काही ठिकाणी तो रुळांकडेही असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. हलकी गाडी फारशा धक्क्याविना निघते, आगगाडी फलाटात शिरतानाचा वारासुद्धा तिला पुरतो. डब्यात शिरताना पुढची छोटी चाकं फलाट आणि डब्यामधल्या फटीत अडकतात, म्हणून गाडी फिरवून पाठमोरं आत जायचं आणि मागची मोठी चाकं आधी ओढून घ्यायची.

जुन्या गल्ल्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण हलक्या गाड्यांची सगळ्यात मोठी उणीव तिथेच उघडी पडते. वर्षानुवर्षं झिजलेले दगड, मध्ये बोटभर खोल सांधे, आणि आपली चाकं १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाची. हिशेब करून बघा. १२ सेंटिमीटरच्या चाकाला ३ सेंटिमीटरची कड नुसतं पुढे ढकलून चढवायची, तर त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे १.७ पट जोर लागतो. ३० सेंटिमीटरच्या चाकाला तीच कड भाराच्या पाऊणपट जोरात पार होते. चाकाच्या त्रिज्येइतकी उंच कड तर कितीही जोर लावून अशी चढतच नाही. म्हणजे गाडी सारखी ठेचकाळते यात गाडीचा दोष नाही, भूमितीचा आहे. उपाय साधे आहेत. पुढच्या चाकांना सरळ ठेवणारा खटका असेल तर तो लावा. हँडल दाबून पुढची चाकं किंचित उचला आणि मागच्या दोन चाकांवर चाला. फारच खडबडीत असेल तर गाडी मागे वळून ओढा. यासाठी हँडल सलग असलेलं बरं. छत्रीछाप गाडीची दोन सुटी हँडलं एका हाताने सांभाळता येत नाहीत, आणि दुसऱ्या हातात बहुतेक वेळा मोठ्याचा हात असतो. जुळी चाकं असतील तर सांडपाण्याच्या जाळ्यांवर लक्ष ठेवा. एकेक चाक बारीक असल्यामुळे जाळीच्या गजांमध्ये अचूक बसतं.

खडबडीत रस्त्यावर पट्टे बांधलेलेच हवेत, खांद्यांवरून, कमरेभोवती आणि पायांमधून येणारे पाचही. ठेचकाळल्यावर गाडी थांबते, मूल थांबत नाही.

धाकटी दुपारी गाडीतच झोपायची, तीही दगडांचे हादरे खात. त्यासाठी पाठ पुरेशी मागे जायला हवी. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात पाठ आणि बैठक यांमधला कोन १५० अंशांपेक्षा कमी असलेली बैठक सहा महिन्यांखालच्या बाळासाठी अयोग्य धरतात. मान धरत नसलेलं बाळ बसत्या गाडीत पुढे झुकलं तर श्वासाला अडथळा येऊ शकतो. तेव्हा तान्ह्यासाठी पूर्ण आडवी होणारी गाडी किंवा वेगळी लावता येणारी पाळणा-बैठक बघा, “जवळपास आडवी” वर समाधान मानू नका. मोठ्या मुलांसाठी पाठीची उंची मोजा. छोट्या गाड्यांत डोकं छताला टेकतं. आणि ऊन लागतंय म्हणून गाडीवर दुपट्टा पांघरू नका. बाहेरून सावली दिसते, आत हवा कोंडून तापत जाते. मोठं छत, त्याला जाळीची खिडकी आणि मागून खेळती हवा हेच कामाचं.

चार वर्षांच्या मोठ्याचा प्रश्न वजनाचा होता. त्याच युरोपीय मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे आणि दुसरा त्यापुढे २२ किलोपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाचं मध्यवर्ती वजन १६ किलोच्या आसपास आहे. म्हणजे १५ किलोची मर्यादा असलेली गाडी अशा मुलांना चार वर्षांच्या आधीच अपुरी पडते, नेमकी तेव्हा जेव्हा मूल अर्धा दिवस चालतं आणि अर्धा दिवस रुसतं. आम्ही २२ किलोवाली शोधली, थोडं वजन जास्त पडलं तरी. मागे उभं राहायची फळी बहुतेक हलक्या सांगाड्यांना बसत नाही किंवा बनवणारेच मनाई करतात, माहितीपत्रक वाचा.

हँडलला पिशव्या अडकवायची सवय मोडा. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो, ते टुणकन उतरलं की गाडी मागे कोसळते. एका संग्रहालयाच्या रांगेत आमच्यापुढेच एक अशी आडवी झाली, पाण्याची बाटली पार तिकीट खिडकीपर्यंत गडगडत गेली.

मिटताना आणि उघडताना मुलांना दोन पावलं लांब उभं करा. बिजागरीत बोट सापडणं ही कल्पनेतली भीती नाही. २००९ मध्ये अमेरिकेत मुलांच्या बोटांची टोकं कापली गेल्याच्या घटनांनंतर मॅक्लॅरेनच्या सुमारे दहा लाख गाड्या परत मागवण्याची घोषणा झाली आणि बिजागऱ्यांसाठी आवरणं दिली गेली. वापरलेली गाडी घेणार असाल तर तिचं मॉडेल परत मागवलेल्यांच्या यादीत नाही ना, ते आधी बघा. उघडल्यावर खटका वाजला तरी हँडल एकदा खाली दाबून बघायचं, मगच मूल बसवायचं.

समुद्रावर स्ट्रोलरचं काही काम नाही. वाळूत पुढची चाकं नांगर होतात. पाठमोरं ओढत थोडं जाता येतं, पण मी गाडी पायवाटेच्या कडेलाच मिटून ठेवली आणि झोळी काढली. खारट वाळू चाकांच्या आसात गेली की करकर सुरू होते. मुक्कामी गोड्या पाण्याने चाकं धुऊन, पुसून, सावलीत वाळवली. तेल घालू नका, त्याला वाळू आणखी चिकटते.

मुक्काम एकाच ठिकाणी आणि रस्ते चांगले असतील, तर तिथेच दणकट गाडी भाड्याने घेणं जास्त शहाणपणाचं. डोंगरवाटांचा बेत असेल तर स्ट्रोलर नकोच. पण वाहनं सारखी बदलायची असतील, तर खांद्याला अडकणारी घडी लागतेच.

परतीच्या विमानात आम्ही लहान मुलांसोबतच्या प्रवाशांना आधी सोडतात त्या रांगेत उभे राहिलो. कप्पे रिकामे होते, घडी आडवी सरकवली आणि बसली. दुसऱ्या विमानाचे कप्पे लहान निघाले, तिथे मात्र पुन्हा पिशवी, कुलूप, टॅग. या वेळी टॅगवरचं नाव वाचून घेतलं आणि गाडी खरोखरच दारात मिळाली.