विषय नको, म्हणणं सांग!

स्मरणिका समितीचा निरोप आला, 'शाळेविषयी काहीही लिहा.' काहीही म्हटलं तरी मी लिहिणार बाईंविषयीच. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. स्नेहसंमेलनं आणि गच्चीवरची कवायत यांवर इतर लिहितीलच.

बाई मराठी आणि इतिहास दोन्ही शिकवायच्या, त्यामुळे उतारा नेमका कुठल्या तासाचा हेच कळायचं नाही. 'उताऱ्याला शीर्षक द्या' म्हटलं की आम्ही पहिल्या ओळीतलं काहीतरी उचलायचो. बाई ते खोडायच्या. "हा विषय झाला. म्हणणं काय?" मग एकेक वाक्य बोटांनी झाकायला लावायच्या. झाकूनही उतारा उभा राहिला तर ते उदाहरण किंवा अलंकार. जे झाकल्यावर बाकीची वाक्यं कशासाठी आलीत तेच कळेनासं होतं, ते म्हणणं.

एका ऑगस्टमध्ये त्यांनी वर्ग चालत ऑगस्ट क्रांती मैदानात नेला आणि ८ ऑगस्ट १९४२ चं गांधीजींचं भाषण वगळत वगळत वाचून दाखवलं. मुद्दा काय, असं विचारताच सगळे ओरडले, "करेंगे या मरेंगे!" बाई म्हणाल्या, "ती घोषणा झाली. आधी काय म्हणाले?" आमच्यातल्या हुशार मुलीने सांगितलं, "आजपासून लढा सुरू." बाईंनी कागदच तिच्यापुढे धरला. लढा या क्षणी सुरू होत नाही, आधी मी व्हाइसरॉयना भेटेन, असं गांधीजी त्याच भाषणात सांगतात. दुसऱ्या दिवशी पहाटेच अटक झाली, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी एरवी तोंड न उघडणारा एक मित्र पुटपुटला, "या क्षणापासून स्वतःला स्वतंत्र समजा आणि तसं वागा, हे." बाईंनी पुढचं त्यालाच वाचायला लावलं. पत्रकार, संस्थानिक, सरकारी नोकर, सैनिक, विद्यार्थी, प्रत्येकाला केलेली सूचना त्याच वाक्यातून निघालेली! बाईंनी त्याला कुल्फी घेऊन दिली. फक्त त्याला. आम्ही बघत बसलो.

आज मी उच्च न्यायालयात वकिली करतो, म्हणजे बाईंचाच धंदा चालवतो. निकालपत्रातला रेशो, म्हणजे निकाल ज्यावर उभा आहे ते तत्त्व शोधायचं, ऑबिटर, म्हणजे ओघात आलेली मतं, बाजूला ठेवायची. १९७३ चा केशवानंद भारती निकाल घ्या. १३ न्यायमूर्ती, ११ निकालपत्रं, कौल ७ विरुद्ध ६. शेकडो पानं उपसल्यावर हाती लागतं ते एवढंच की घटनादुरुस्ती करतानाही संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. माझे ज्युनिअर हायलायटरने अख्खं पान पिवळं करून आणतात. मी त्यांना वाक्यं झाकायला लावतो. हसतात, पण झाकतात.

हल्ली चार पर्यायांतून एकावर खूण केली की उतारा संपतो. भाषणं तर मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनीच येतात. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण व्यक्तिपूजेवरच्या इशाऱ्यापुरतं फिरतं. इशारा मोलाचाच आहे. पण राजकीय लोकशाहीच्या तळाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही, हे त्याच भाषणातलं म्हणणं झाकलं तर उरतं काय? बाईंनी अशा तुकड्याला शून्य दिलं असतं, तेही लाल शाईने.

शाळेत आता मराठी माध्यमाची एकच तुकडी उरली आहे, असं ऐकतो. शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. मुख्याध्यापकांनी एक तास दिला तर उतारा शिकवायला मी येईन. कुल्फीचा खर्च माझा.