३५०० किलो ओढणारी यूट खरोखर किती ओढते?

ऑस्ट्रेलियात डबल-कॅब यूटच्या, म्हणजे दोन ओळींच्या सीटच्या पिकअप गाडीच्या, जाहिरातीत ३५०० किलो हा आकडा ठळक छापलेला असतो. एवढ्या वजनाची कॅरॅव्हॅन, म्हणजे मागे जोडायचं चाकांवरचं घर, ती गाडी ओढते, यात खोटं काही नाही. मात्र तेव्हा गाडीत माणसं आणि सामान किती चालेल, ते माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

नमुन्याला एक गाडी घेऊ. रिकामी, पण डिझेलची टाकी भरलेली: २३५० किलो. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीएम: ३२००. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून कमाल, म्हणजे जीसीएम: ६०००. मागे ३५०० किलोची कॅरॅव्हॅन लावली की गाडीच्या वाट्याला २५०० उरतात. म्हणजे माणसं, बुलबार (पुढची लोखंडी चौकट), कॅनपी (मागच्या हौद्यावरचं झाकण), फ्रिज, अवजारं या सगळ्यांना मिळून १५० किलो. दोन मोठी माणसं बसली की ते संपले. आता उलटीकडून बघा. गाडी जीव्हीएमपर्यंत भरली, तर कॅरॅव्हॅनच्या चाकांवर फार तर २८०० किलो येऊ शकतात. टोबॉल म्हणजे गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर कॅरॅव्हॅनचं पुढचं टोक टेकतं; तिथला भार गाडीच्या वजनात धरतात. त्यावर कॅरॅव्हॅनच्या एकूण वजनाच्या दहा टक्के धरले, तर कॅरॅव्हॅन जास्तीत जास्त ३१०० किलोची. लांबच्या प्रवासाला या गाडीचा खरा आकडा हाच.

कॅरॅव्हॅनला लावलेल्या माहितीच्या पट्टीवर तीन आकडे बघायचे. टेअर म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचं वजन. त्यात टाक्यांतलं पाणी नसतं, आणि विक्रेत्याने नंतर बसवलेला एसी किंवा जादा बॅटरीही बहुधा नसते. एटीएम म्हणजे गाडीपासून सोडवलेल्या, भरलेल्या कॅरॅव्हॅनचं कमाल वजन. जीटीएम म्हणजे जोडलेली असताना फक्त तिच्या चाकांवर येणारं. एटीएममधून टेअर वजा केला की सामानाची मुभा कळते. दोन ॲक्सलच्या कॅरॅव्हॅनला ती अनेकदा ४०० किलोच्या आसपास असते. ९५ लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १९० गेले. नऊ किलोच्या दोन बाटल्यांतला गॅस १८. उरलेल्या १९२ मध्ये कपडे, अंथरुणं, ऑनिंगच्या (बाहेर ताणायच्या छपराच्या) भिंती, जनरेटर, आणि आपल्याकडचा कुकर, लोखंडी तवा, दहा किलोची कणकेची पिशवी. ती पिशवी वाटेतल्या मोठ्या गावात घेता येते, घरून भरायची गरज नाही.

सगळ्यात जास्त गफलत टोबॉलच्या वजनात होते. टोबॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असल्याने तो तरफेसारखं काम करतो. समजा बॉलवर २५० किलो आहेत, बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस ३.२ मीटर. मागच्या ॲक्सलवर २५० नव्हे, सुमारे ३४४ किलो येतात आणि पुढची चाकं ९४ किलोंनी हलकी होतात. म्हणून एकूण जीव्हीएम मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल ओव्हरलोड झालेला असू शकतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ताणलेल्या बारांची जोडणी, हा भार थोडा पुढच्या चाकांकडे आणि थोडा कॅरॅव्हॅनच्या ॲक्सलकडे ढकलतो. त्याने एकही मर्यादा वाढत नाही, विक्रेता काहीही म्हणो. आणि काही गाड्यांना तो चालतच नाही, म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल बघा.

बॉल हलका झाला तर धोका आणखी वेगळा. कॅरॅव्हॅनच्या मागच्या बंपरवर स्टेपनी, जेरीकॅन, टूलबॉक्स असे ८० किलो लटकवले, ते तिच्या ॲक्सलपासून ३.२ मीटर मागे असले आणि ॲक्सल ते बॉल अंतर ४.८ मीटर असलं, तर बॉलवरचे ५३ किलो उडाले. शिवाय टोकाला असलेलं वजन एकदा डोलायला लागलं की आवरत नाही. जड वस्तू खाली आणि ॲक्सलच्या जवळ ठेवायच्या. तरीही कॅरॅव्हॅन झोकांड्या खाऊ लागली, तर गाडीचा ब्रेक दाबू नका; ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरने फक्त कॅरॅव्हॅनचे इलेक्ट्रिक ब्रेक हाताने लावा.

पाण्यामुळे हा तोल रोज बदलतो. सेडुना ते नॉर्समन हे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नलारबोर या ओसाड पठारावरचं सुमारे १२०० किलोमीटर अंतर. वाटेत पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून टाक्या भरूनच निघावं लागतं. एक टाकी ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे असेल, तर भरलेली असताना ती बॉलवर सुमारे २४ किलो टाकते; मागची टाकी उचलते. आधी पुढची रिकामी केली तर बॉल हलका होत जातो. मागची आधी वापरा. दोन्ही टाक्या एकाच पंपाला व्हॉल्व्हशिवाय जोडलेल्या असतील, तर वेगळे व्हॉल्व्ह बसवून घ्या.

काटा करायचा तो प्रवासाला निघतानाच्या अवस्थेत: टाक्या भरलेल्या, माणसं आत. धान्याच्या सायलोजवळ, खाणीवर किंवा कचरा केंद्रावर सार्वजनिक वजनकाटे असतात. आधी नुसती गाडी. मग कॅरॅव्हॅन जोडून, डिस्ट्रिब्युशन बार सैल ठेवून, फक्त गाडीची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे बॉलचं वजन. मग फक्त कॅरॅव्हॅनची चाकं, मग दोन्ही एकत्र, शेवटी सोडवलेली कॅरॅव्हॅन जॉकी व्हीलसकट (पुढच्या टोकाच्या आधाराच्या छोट्या चाकासकट). मागचा ॲक्सल वेगळा मोजायला विसरू नका, आणि तो बार ताणूनही एकदा मोजा.

ब्रेकचा नियम थोडक्यात: ट्रेलरचं जीटीएम २००० किलोच्या वर गेलं की सर्व चाकांना ब्रेक हवेत आणि जोड तुटल्यास आपोआप ब्रेक लागण्याची सोयही हवी.

टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे त्यावर छापलेला भारक्षमतेचा क्रमांक, ११२ असेल तर एक टायर ११२० किलो पेलतो, तेही ठरवून दिलेल्या पूर्ण हवेवर. चार टायरांवर २८०० म्हणजे सरासरी ७००, हे ऐकायला निवांत वाटतं. पण फ्रिज, ओटा आणि बॅटऱ्या एकाच बाजूला असल्या तर तिकडच्या चाकांवर बराच जास्त भार येतो, आणि मोठ्या काट्यावर ते दिसत नाही. चाकाखाली ठेवायचे छोटे काटे घेऊन घरी येणारे लोक मिळतात; त्यांच्याकडून चारही चाकं वेगवेगळी मोजून घ्या आणि हवा सर्वांत जड चाकाच्या हिशेबाने, टायर थंड असताना भरा.